लहान लॅपटॉपचा अहवाल

मुख्य कार्यालय विचारतं: वजन.
खोक्यावर लिहिलंय नऊशे सत्तर ग्रॅम.
मी आचाओच्या बाजारात बटाटेवालीच्या काट्यावर ठेवला,
तिने सवयीने वर दोन बटाटे जास्तीचे टाकले
आणि मग आपली आपणच हसली.

जुनी नोंदवही साडेतीन किलोची होती,
पाठीशी बाळासारखी बांधून न्यायचे.
हा पिशवीत आहे हेच विसरायला होतं;
लांचेत बसल्यावर तीनदा चाचपते.
हलकेपणाचा हा एक तोटा. लिहून ठेवा.

बॅटरी.
म्हणतात अकरा तास.
केनाकच्या धक्क्यावर, जुलैच्या गारठ्यात, सहा.
पुढच्या बेटावर जनरेटर लागतो अंधार पडल्यावर,
म्हणून मी आधी जन्म लिहिते, मग लग्नं,
मेलेल्यांना शेवटी. त्यांना घाई नसते.
(हे धोरण माझं, कार्यालयाचं नव्हे.)

पडदा घरात उत्तम.
पाण्यावर मात्र निव्वळ आरसा:
'वडिलांचे नाव' जिथे असायला हवं
तिथे लोकरी टोपीतली सत्तेचाळीस वर्षांची बाई.
मग पोंचो डोक्यावरून ओढून घेते,
जुने फोटोवाले घेत तसा,
आणि पोरं खालून आत डोकावतात.

आवाज नाही. आत पंखाच नाही म्हणे.
ज्या घरात नुकती एक खुर्ची रिकामी झालीय
तिथे हे बरं वाटतं.

कळफलक.
लहान. अर्ध्या बोटांच्या मोज्यांतूनही जमतो.
पण कुठल्याशा दूरच्या देशासाठी घडवलेला.
एन्ये नाही.
एन्ये म्हणजे एन,
पण डोक्यावर एक लाट घेतलेला.

रोसामेल न्यांकुपेल, वय एक्याऐंशी,
धाकट्या भावाच्या मृत्यूची नोंद करायला
दाढी करून, कोट घालून बसलेला.
मी टाइप केलं: बाल्दोमेरो नांकुपेल.
त्याने चष्मा पुसला, वाकून पाहिलं.
"हा कोण?"
"तुमचा भाऊ."
"छे. या नावाचा इथे कोणी जन्मलाच नाही,
मग मरेल कसा?"

चुलीवर किटली वाजत होती.
मी सगळ्या कळा शोधल्या, वरच्या, कोपऱ्यातल्या,
माझ्या कपाळावर घाम, बाहेर चार अंश.
शेवटी त्याने बोट जिभेला लावलं
आणि पडद्यावरच, त्या अक्षराच्या माथ्यावर,
हळूच एक लाट काढली.
"आता तो आहे," म्हणाला.
वाळेपर्यंत होताच.

तीन कळा एकदम दाबल्या की ती उमटते,
हे भाचीने रात्री फोनवर सांगितलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.
जाऊन-येऊन चार तासांची लांच,
डिझेलची पावती सोबत जोडली आहे,
कारण: एक लाट.

एनच्या कळीवर मी आता
भाचीच्या लाल नेलपॉलिशने तिची खूण केलीय.
सरकारी मालमत्तेवर.
कळवून ठेवते.

चार्जरचं वजन कुणी धरलेलं नाही,
तो आणखी तीनशे ग्रॅम.

शिफारस: ठेवून घ्यावा.
जुनी वहीही ठेवावी, फळीवर,
तिच्यात शाईच्या लाटा आहेत, एकेकाच्या वेगळ्या,
एक तर कारकुनाला शिंक आल्यासारखी.

राहता राहिला लांचवाला ओसिएल.
त्याचा एकच प्रश्न: "पडला तर तरंगतो का?"
तुमच्या फॉर्ममध्ये हा रकाना नाही,
मीही करून पाहिलेलं नाही.
पण हल्ली धक्क्यावर उतरताना
तो आधी पिशवी मागतो,
मग माझा हात.